शेअर कर्मचाऱ्याचा, मत कोणाचं? कौटुंबिक कंपन्यांमधल्या सत्तेच्या लढाईची गोष्ट

जुलै १९८८. अमेरिकेतल्या एका कंपनीच्या संचालक मंडळानं ८,०९९ नवे शेअर काढले आणि ते कंपनीतल्याच पाच वरिष्ठ कर्मचाऱ्यांना दिले. वरवर पाहता यात वावगं काहीच नव्हतं. कंपनीसाठी राबणाऱ्या माणसांना कंपनीत वाटा मिळाला, तर कोण कशाला तक्रार करेल?

पण त्या एका निर्णयानं कंपनीच्या संस्थापकाचा परतीचा रस्ता बंद झाला. सख्खे भाऊ कोर्टात एकमेकांसमोर उभे राहिले. सहा वर्षांनी ज्युरीनं नुकसानभरपाईचा जो आकडा सांगितला, तो होता १४७ कोटी डॉलर.

कंपनीचं नाव यू-हॉल. अमेरिकेत घर बदलणाऱ्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या कितीतरी मराठी मुलांनी आपला संसार तिच्याच ट्रकमध्ये भरून एका शहरातून दुसऱ्या शहरात नेला आहे. या कंपनीचं भांडण समजलं, की एक मोठा प्रश्न आपोआप समजतो. कर्मचाऱ्याच्या नावावरच्या शेअरचं मत नेमकं कोणाचं असतं?

शेअर म्हणजे फक्त पैसा नाही

शेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाव येतो. भाव वाढला, विकला, पैसे आले. पण साध्या शेअरमध्ये दोन गोष्टी असतात. पहिली पैशाची, म्हणजे लाभांश आणि भाव. दुसरी मताची. कंपनीचे संचालक कोण असावेत, कंपनी विकावी का, दुसऱ्या कंपनीत विलीन करावी का, हे भागधारक मतदानानं ठरवतात. सर्वसाधारणपणे एका शेअरला एक मत.

मोठ्या शेअर बाजारात छोट्या गुंतवणूकदाराचं मत समुद्रातल्या थेंबासारखं असतं. कौटुंबिक कंपनीत तसं नसतं. तिथे सगळे शेअर दहा-बारा माणसांच्या हातात असतात. घरात फूट पडली, की दोन्ही बाजू जवळपास सारख्याच ताकदीच्या निघतात. अशा वेळी मूठभर शेअर जिकडे झुकतील, तिकडे कंपनी जाते.

एक सोपा हिशेब पाहा. कंपनीचे एकूण १०० शेअर आहेत. ५१ वडिलांच्या बाजूला, ४९ मुलाच्या. संचालक मंडळ मात्र सध्या मुलाच्या ताब्यात आहे. मंडळानं ५ नवे शेअर काढले आणि विश्वासातल्या कर्मचाऱ्यांना दिले. आता एकूण शेअर झाले १०५. वडिलांकडे अजूनही ५१ च आहेत, पण ते आता साधारण ४८.६ टक्के. मुलाचे ४९ आणि कर्मचाऱ्यांचे ५ मिळून ५४, म्हणजे ५१.४ टक्के. वडिलांचा एकही शेअर कोणी काढून घेतला नाही, तरी त्यांचं बहुमत गेलं.

यू-हॉलमध्ये झालं ते थोडक्यात हेच.

यू-हॉल: वडिलांनी वाटून टाकलेली कंपनी

एल. एस. शोएन आणि त्यांची पत्नी अ‍ॅना मेरी यांनी १९४५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्ड या छोट्या गावात ही कंपनी सुरू केली. भांडवल होतं ५,००० डॉलर. महायुद्ध संपत होतं, सैनिक घरी परतत होते, कुटुंबं नव्या शहरांकडे निघाली होती. सामान नेण्यासाठी ट्रेलर भाड्यानं मिळायचा, पण तो जिथून घेतला तिथेच परत आणून द्यावा लागे. शोएन यांची कल्पना साधी होती. ट्रेलर एका गावात घ्या आणि दुसऱ्या गावात सोडा. मोठी दुकानं उघडण्याऐवजी त्यांनी पेट्रोल पंपवाल्यांना कमिशनवर सोबत घेतलं. नारिंगी रंगाचे ट्रेलर हळूहळू देशभर दिसू लागले.

अ‍ॅना मेरी १९५७ मध्ये वारल्या. तेव्हा त्यांना सहा मुलं होती. शोएन यांनी पुढे पुन्हा लग्न केलं. त्यांना एकूण बारा मुलं झाली. आणि या मुलांच्या नावावर त्यांनी कंपनीचे शेअर करून टाकले. शेवटी त्यांच्या स्वतःकडे जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास शेअर उरले.

आपल्याकडेही अनेक वडील हयातीतच मुलांच्या नावावर जमीन करून देतात, आणि गावातला एखादा जाणता माणूस त्यांना हळूच सांगतो, 'थोडं स्वतःच्या नावावर ठेवा.' शोएन यांनी ते ठेवलं नाही. वडील आहोत, संस्थापक आहोत, मुलं आपलं ऐकतील, हा विश्वास होता. कंपनी कायद्यात मात्र वडीलकीला मत नसतं.

पुढे धंद्याच्या दिशेवरून मतभेद झाले. यू-हॉल ट्रक आणि ट्रेलर सोडून इतर अनेक वस्तू भाड्यानं देण्याच्या मागे लागली होती. जो आणि मार्क या दोन मुलांना ते पसंत नव्हतं. त्यांनी भावंडांचे शेअर आपल्या बाजूला वळवले आणि १९८६ च्या अखेरीस संचालक मंडळ ताब्यात घेतलं. वडील बाजूला झाले. थोरला मुलगा सॅम, जो डॉक्टर होता आणि कंपनीच्या कारभारातही होता, तोही पुढे बाहेर पडला.

१९८८ मध्ये पारडं पुन्हा फिरलं. वडील आणि सॅम यांच्या गटानं भावंडांची जुळवाजुळव करून निम्म्याहून थोडे जास्त शेअर आपल्या बाजूला आणले. आता मतदान झालं, की जो यांचं मंडळ जाणार हे दिसत होतं.

नेमक्या त्याच वेळी, जुलै १९८८ मध्ये, मंडळानं ते ८,०९९ शेअर पाच वरिष्ठ कर्मचाऱ्यांना दिले. वडिलांच्या गटाचं बहुमत निसटलं.

कोर्टानं नेमकं काय तपासलं?

वडिलांच्या बाजूचा गट अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सच्या कोर्टात गेला. दरम्यान मार्च १९८९ मध्ये रीनो इथल्या भागधारकांच्या सभेत भावाभावांत चक्क हाणामारी झाली. कुटुंबाचं भांडण वर्तमानपत्रांत पोहोचलं.

कोर्टासमोरचा मुद्दा वाटतो तितका सोपा नव्हता. नवे शेअर काढण्याचा अधिकार संचालक मंडळाला असतोच. कर्मचाऱ्यांना शेअर देणं हेही बेकायदा नाही. मग चूक कुठे?

इथे कायद्यातलं एक जुनं तत्त्व कामाला येतं. संचालकांच्या हातातला अधिकार त्यांचा स्वतःचा नसतो. तो कंपनीसाठी आणि सर्व भागधारकांसाठी त्यांच्याकडे सोपवलेला असतो. देवस्थानच्या विश्वस्तानं दानपेटीच्या किल्ल्या जशा सांभाळायच्या, तसा. त्यामुळे कोर्ट दोन प्रश्न विचारतं. पहिला, हे करण्याचा अधिकार होता का? दुसरा, तो कशासाठी वापरला? पहिल्याचं उत्तर 'हो' असलं तरी दुसऱ्याचं उत्तर 'स्वतःची खुर्ची वाचवण्यासाठी' असं निघालं, तर संचालक अडचणीत येतात.

शेअर नेमके बहुमत जाण्याच्या तोंडावर दिले गेले होते. दिले तेही हजारो कर्मचाऱ्यांपैकी फक्त पाच जणांना. आणि त्याचा परिणाम थेट कंपनीच्या ताब्यावर झाला होता.

ऑक्टोबर १९९४ मध्ये ज्युरीनं विरोधी गटाच्या बाजूनं कौल दिला. भरपाई १४७ कोटी डॉलर. शिवाय जो शोएन यांना वैयक्तिक दंडात्मक भरपाई ७ कोटी डॉलर. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी हे आकडे खाली आणले. मुख्य भरपाई सुमारे ४६ कोटी १८ लाख डॉलर झाली आणि दंडात्मक भरपाई ७० लाख डॉलर. तरीही ती इतकी मोठी होती, की संबंधित संचालकांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला.

जिंकले ते बाहेर, हरले ते आत

या खटल्यातला सगळ्यात बोचरा भाग इथून सुरू होतो.

निकाल लागेपर्यंत सहा वर्षं गेली होती. त्या काळात कंपनी जो यांच्याच ताब्यात होती. निकालानं विरोधी गटाला पैसे मिळाले, पण त्या बदल्यात त्यांना आपले शेअर सोडून द्यावे लागले. म्हणजे खटला जिंकणारे कंपनीतून बाहेर पडले आणि खटला हरणारे आत राहिले. भरपाई चुकती करताना कंपनीलाही मोठा भार उचलावा लागला. एल. एस. शोएन १९९९ मध्ये वारले. आपण उभ्या केलेल्या कंपनीची सूत्रं त्यांच्या हाती पुन्हा कधीच आली नाहीत. जो शोएन मात्र त्यानंतरही अनेक वर्षं अध्यक्षपदी राहिले.

मताचा अधिकार एकदा हातून गेला, की कोर्ट त्याची किंमत ठरवू शकतं. गेलेली वर्षं आणि गेलेली सत्ता परत देणं त्याला फार वेळा जमत नाही. म्हणून अशा वादांत वकील सगळ्यात आधी धावतात ते मतदान थांबवण्याच्या तात्पुरत्या आदेशासाठी. सभा होऊन गेली, तर पुढची लढाई बहुतेकदा पैशाचीच उरते.

डेन्व्हर पोस्ट: तोच डाव, उलटा निकाल

मग कर्मचाऱ्यांना शेअर देऊन कंपनीचा ताबा राखणं नेहमीच चुकीचं ठरतं का? तसं नाही. यू-हॉलच्या आधी सोळा वर्षं, १९७२ मध्ये, एका अमेरिकन अपील कोर्टानं जवळपास तशाच डावाला मान्यता दिली होती.

हा वाद 'डेन्व्हर पोस्ट' या वर्तमानपत्राचा. फ्रेडरिक बॉनफिल्स आणि हॅरी टॅमन यांनी ते १८९५ मध्ये विकत घेऊन वाढवलं. बॉनफिल्स यांच्यामागे हेलन आणि मे या दोन मुली. दोघी बहिणींचं पटत नव्हतं. १९६० मध्ये मे यांनी आपला वाटा सॅम्युएल न्यूहाउस यांना विकला. न्यूहाउस एकामागून एक वर्तमानपत्रं विकत घेण्यासाठी प्रसिद्ध होते. हेलन यांना आपलं वर्तमानपत्र त्यांच्या साखळीत जाऊ द्यायचं नव्हतं.

हेलन आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड सीवेल यांनी मार्ग काढला कर्मचाऱ्यांचा. कर्मचाऱ्यांसाठी शेअर ट्रस्ट होता. एका बाल रुग्णालयाकडे वर्तमानपत्राचे बरेच शेअर होते. ते कंपनीनं विकत घेतले, जेणेकरून ते पुढे कर्मचाऱ्यांकडे जातील. न्यूहाउस यांची कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं होतं, की हा सगळा खटाटोप कर्मचाऱ्यांच्या प्रेमापोटी नाही, आम्हाला रोखण्यासाठी आणि सध्याच्या कारभाऱ्यांची सत्ता टिकवण्यासाठी आहे, आणि त्यासाठी कंपनीचा पैसा उधळला जातोय.

खालच्या कोर्टानं न्यूहाउस यांच्या बाजूनं निकाल दिला. अपील कोर्टानं तो फिरवला. त्याचं म्हणणं असं, की मोठ्या शहराचं वर्तमानपत्र ही काही निव्वळ नफ्याची पेढी नाही. तिची बांधिलकी भागधारकांशी आहेच, पण वाचकांशी आणि कर्मचाऱ्यांशीही आहे. तिथे काम करणाऱ्यांना मालकीत वाटा द्यावा, ही इच्छा कारभाऱ्यांनी बाळगणं गैर नाही.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली, की फरक दिसतो. यू-हॉलमध्ये पाच निवडक माणसं होती, डेन्व्हरमध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांसाठीची योजना. यू-हॉलमध्ये ज्यांच्याकडे बहुमत आलं होतं त्यांचंच बहुमत काढून घेतलं गेलं. डेन्व्हरमध्ये बहुमत नसलेला बाहेरचा खरेदीदार दारात होता. आणि डेन्व्हरची योजना एका रात्रीत उगवली नव्हती.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. हेलन यांचं १९७२ मध्येच निधन झालं. आठ वर्षांनी, १९८० मध्ये, वर्तमानपत्र टाइम्स मिरर या दुसऱ्या मोठ्या माध्यम कंपनीला साडेनऊ कोटी डॉलरना विकलं गेलं. बाहेरच्या मालकाला रोखण्यासाठी उभी केलेली भिंत शेवटी आतूनच उघडली.

ट्रस्टमधल्या शेअरचं मत कोण देतं?

अमेरिकेत कर्मचारी मालकीचा सर्वात रूढ मार्ग म्हणजे 'ईसॉप'. तिथला ईसॉप ही निवृत्तीची योजना असते. कंपनी एक ट्रस्ट करते, ट्रस्ट शेअर धरून ठेवतो आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यावर त्याचा वाटा मांडला जातो. नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना त्याची किंमत हातात येते.

कागदोपत्री मालक ट्रस्ट असतो. मग मत कोणाचं? अमेरिकन करकायद्याचं उत्तर दोन भागांत आहे. कंपनी शेअर बाजारात असेल, तर कर्मचाऱ्याच्या खात्यावर मांडलेल्या शेअरचं मत कसं द्यायचं हे कर्मचारी सांगतो. कंपनी खासगी असेल, तर हा हक्क फक्त मोजक्या मोठ्या बाबींपुरता मिळतो. विलीनीकरण, कंपनी गुंडाळणं, जवळपास सगळी मालमत्ता विकणं अशा. संचालक निवडण्याचं रोजचं, पण सगळ्यात महत्त्वाचं मत विश्वस्ताकडेच राहतं.

आता प्रश्न असा, की विश्वस्त कोण नेमतं? बहुतेकदा संचालक मंडळ. म्हणजे मंडळ विश्वस्त नेमतं, विश्वस्त कर्मचाऱ्यांच्या शेअरवर मत देतो आणि त्या मतांवर तेच मंडळ पुन्हा निवडून येतं. गोल फिरून कुटुंबाची सत्ता कुटुंबाकडेच. कौटुंबिक कंपन्यांमधले कितीतरी वाद या गोल चक्रावरूनच पेटतात.

यावर कोर्टांनी घातलेली मर्यादा एका गाजलेल्या निकालात दिसते. १९८१ मध्ये ग्रमन या विमान कंपनीवर एलटीव्ही या कंपनीनं ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला. ग्रमनच्या कर्मचारी पेन्शन योजनेचे विश्वस्त हे ग्रमनचेच अधिकारी होते. त्यांनी योजनेचे शेअर विकायला नकार दिला, वर योजनेच्या पैशातून आणखी शेअर घेतले. १९८२ मध्ये अपील कोर्टानं त्यांना फटकारलं. विश्वस्तानं फक्त योजनेतल्या कर्मचाऱ्यांचं हित पाहायचं असतं. स्वतःची नोकरी आणि कर्मचाऱ्यांचं हित यांची गल्लत होत असेल, तर त्यानं बाजूला व्हावं किंवा निदान स्वतंत्र सल्ला घ्यावा, असा त्याचा अर्थ.

भारतात काय आहे?

आपल्याकडे 'ईसॉप' हाच शब्द वापरतात, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. इथे तो बहुतेकदा पर्याय असतो, म्हणजे काही काळानंतर ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क. हा फरक विसरला, की घोळ होतो. कंपनी कायदा, २०१३ खालच्या नियमांत स्पष्ट म्हटलंय, की पर्याय वापरून शेअर प्रत्यक्ष नावावर होईपर्यंत कर्मचाऱ्याला ना लाभांश, ना मत. 'मला कंपनीत वाटा मिळाला' असं स्टेटस टाकणाऱ्या अनेकांकडे त्या दिवशी मताचा अधिकार शून्य असतो.

यू-हॉलसारखा खेळ होऊ नये म्हणून इथे काही कुंपणं आहेत. कर्मचाऱ्यांना पर्याय द्यायचे तर भागधारकांचा ठराव लागतो. सूचिबद्ध कंपनीत त्यासाठी तीन चतुर्थांश मतं हवीत. प्रवर्तक आणि दहा टक्क्यांहून जास्त शेअर असलेले संचालक सर्वसाधारणपणे या योजनेत बसत नाहीत. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या नावाखाली कुटुंबानं स्वतःलाच शेअर वाटून घेणं अवघड होतं.

ट्रस्टच्या गोल चक्रावर तर सेबीनं सरळ कात्री चालवली आहे. सेबीच्या नियमांखाली येणाऱ्या सूचिबद्ध कंपनीच्या कर्मचारी ट्रस्टच्या विश्वस्तांना ट्रस्टकडच्या शेअरवर मतदानच करता येत नाही. कारणही नियमातच आहे, त्या मताचा गैरवापर होऊ नये. अमेरिकेत विश्वस्तानं मत कसं द्यावं यावर खटले झाले. इथे नियमानं ते मतच झाकून ठेवलं. शेअर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या डीमॅट खात्यात आला, की मात्र मत त्याचं.

खासगी कंपन्यांत आणि स्टार्टअपमध्ये चित्र इतकं स्वच्छ नाही. काही कंपन्या शेअर देताना मताचा अधिकार संस्थापकाकडे सोपवणारं मुखत्यारपत्र किंवा करार सही करून घेतात. शेअर कर्मचाऱ्याचा असतो, हात मात्र संस्थापकाचा वर होतो.

निलगिरीतल्या सुयांचा खटला

संचालकांनी नवे शेअर काढून ताबा फिरवला, तर भारतीय कोर्ट काय म्हणतं? याचं उत्तर देणाऱ्या सर्वात गाजलेल्या खटल्यातही कर्मचारी भागधारक होते.

निलगिरीच्या डोंगरात, उटीजवळच्या केट्टीत नीडल इंडस्ट्रीज ही सुया बनवणारी कंपनी. साधारण ६० टक्के शेअर परदेशी मालकांच्या धारक कंपनीकडे आणि उरलेले ४० टक्के भारतीय बाजूकडे, ज्यात कंपनीतले कर्मचारी आणि त्यांचे नातेवाईक होते. परकीय चलनाच्या तेव्हाच्या कायद्यामुळे परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणणं भाग होतं. १९७७ मध्ये मंडळानं विद्यमान भागधारकांसाठी १६,००० नवे शेअर काढले. धारक कंपनीपर्यंत त्याची सूचना वेळेत पोहोचली नाही. तिला आपला वाटा उचलता आला नाही आणि बहुमत भारतीय गटाकडे गेलं.

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. तो लिहिला होता मूळचे पुण्याचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. कोर्टानं सांगितलं, की शेअर काढण्याचा अधिकार विश्वस्तासारखाच वापरायला हवा. पण निर्णय खरोखर कंपनीच्या हिताचा असेल आणि त्यातून संचालकांचाही जाता जाता फायदा झाला, तर तेवढ्यानं तो रद्द होत नाही. इथे कायदा पाळण्याची निकड खरी होती, म्हणून शेअरवाटप टिकलं. मात्र धारक कंपनीचं नुकसान झालं होतं, म्हणून तिला सुमारे साडेआठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेशही झाला.

याच्या उलटं उदाहरण २००४ मधलं. केरळमधल्या एका हॉटेल कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकानं स्वतःच्या नावावर शेअर काढून बहुमत असलेल्या भागधारकाला अल्पमतात ढकललं होतं. डेल अँड कॅरिंग्टन नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते शेअरवाटप रद्द ठरवलं. कंपनीची गरज दिसत नव्हती, ताब्याची हाव दिसत होती.

अमेरिका असो की भारत, निकाल शेवटी त्या एका प्रश्नापाशी येतो. अधिकार कशासाठी वापरला?

मुंबईतला वेगळा अनुभव

कर्मचारी ट्रस्ट नेहमी कुटुंबाच्याच बाजूनं उभा राहतो असंही नाही. २००१ मध्ये लार्सन अँड टुब्रोमधला रिलायन्सचा १० टक्क्यांचा वाटा बिर्ला समूहाच्या ग्रासिमनं घेतला. एल अँड टी कोणत्याही एका कुटुंबाची नव्हती आणि तिच्या व्यवस्थापनाला तसं होऊ द्यायचंही नव्हतं. अखेर तडजोड झाली. सिमेंटचा व्यवसाय वेगळा होऊन बिर्ला समूहाकडे गेला आणि ग्रासिमकडचे एल अँड टीचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टनं घेतले. तो ट्रस्ट पुढे कंपनीच्या सर्वात मोठ्या भागधारकांपैकी एक झाला. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या शेअरची भिंत एखाद्या घराण्याला आत ठेवू शकते, तशी बाहेरही ठेवू शकते.

शेअर मिळाले तर काय पाहावं?

कौटुंबिक कंपनीत किंवा स्टार्टअपमध्ये काम करताना शेअरचं पत्र हातात आलं, तर आनंद साजरा करावाच. सोबत चार गोष्टी वाचून घ्याव्यात.

१. हा शेअर आहे की शेअरचा पर्याय? पर्याय असेल तर आज मत नाही.

२. शेअर स्वतःच्या नावावर आहे की ट्रस्टच्या? ट्रस्ट असेल तर विश्वस्त कोण आणि त्यांना नेमतं कोण?

३. सोबत सही करून घेतलेल्या कागदांत मताचा अधिकार दुसऱ्याला दिला आहे का? कंपनीच्या पैशानं कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या शेअरवरची मतं कर्मचाऱ्यांनी स्वतः दिली नसतील, तर त्याची माहिती संचालकांच्या वार्षिक अहवालात द्यावी लागते. तो अहवाल मागून वाचावा.

४. वाद झालाच तर कुठे जायचं? अन्याय्य कारभाराविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी साधारणपणे एकूण शेअर भांडवलाचा दहावा हिस्सा, किंवा १०० सभासद, अथवा एकूण सभासदांच्या एक दशांश इतके सभासद सोबत लागतात. ही अट माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. तरी एकट्यादुकट्या कर्मचाऱ्यापेक्षा एकत्र आलेल्या कर्मचाऱ्यांचं वजन जास्त, हे उघड आहे.

यू-हॉलच्या त्या पाच कर्मचाऱ्यांमुळे कंपनीचा ताबा ठरला. डेन्व्हर पोस्टचे कर्मचारी कोर्टात जिंकले, तरी वर्तमानपत्र शेवटी विकलं गेलंच. पहिल्या ठिकाणी शेअर मूठभरांकडे होते पण मतं निर्णायक होती. दुसऱ्या ठिकाणी योजना सगळ्यांसाठी होती, तरी विक्री थांबली नाही. म्हणून कंपनी 'तुम्ही आता मालक आहात' असं म्हणते, तेव्हा किती शेअर मिळाले यासोबत पुढच्या सभेत त्या शेअरसाठी हात कोण वर करणार, हेही विचारून घ्यावं.